वेगवान मैल म्हणजे किती मिनिटांचा?

भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती शेंडी, रतनवाडी, घाटघर जोडणाऱ्या रस्त्यावर कुणी धावताना दिसलं, की बघणारे म्हणतात, “काय पळतोय!” धावणाऱ्याचं लक्ष मात्र घड्याळाकडे असतं.

■ अंतर : मैल म्हणजे १,६०९ मीटर. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचं ‘सोळाशे’ त्याहून जेमतेम ९ मीटरने कमी.

■ न धावणाऱ्याची मोजपट्टी : झपझप चालत मैलाला १५-१६ मिनिटं लागतात. त्यामुळे १० मिनिटांतला मैलही त्याला वेगवान वाटतो.

■ भरतीची मोजपट्टी : राज्य पोलीस भरतीत पुरुषांना १,६०० मीटरचे पूर्ण २० गुण हवे असतील, तर ५ मिनिटं १० सेकंदांत पोहोचावं लागतं.

■ कविता राऊत (सावरपाडा, नाशिक) : २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये ३१:५१.४४ वेळेत रौप्य. सरासरी मैल सुमारे ५:०८, तोही सलग सहा मैलांहून अधिक.

■ अविनाश साबळे (बीड) : जुलै २०२४मध्ये पॅरिसला ३,००० मीटर स्टीपलचेस ८:०९.९१ वेळेत. अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत मैलाला सुमारे ४:२३.

■ जागतिक विक्रम (पुरुष) : मोरोक्कोचा हिशाम एल गेरूज, रोम, १९९९, ३:४३.१३. दर १०० मीटर १४ सेकंदांच्या आत, असे सलग सोळा वेळा!

■ घाटातला नियम : चढणीवर तेवढ्याच दमात वेळ जास्त लागतो. इथल्या रस्त्यावर ट्रॅकची वेळ शोधू नका. त्याच वाटेवरची स्वतःची मागची वेळ हीच खरी कसोटी.