आधी अंग, मग वस्त्र

आंग्रच्या रेखाटनाची नक्कल करायला बसलं की आधी चुण्या अडवतात. वरवर कापड सहज लोंबतंय असं वाटतं. पेन्सिल फिरवू लागल्यावर कळतं, प्रत्येक चुणी कुठल्या तरी गुडघ्यावरून, कोपरावरून निघाली आहे. तो गुडघा आधी काढला नाही, तर झगा वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो.

या फ्रेंच चित्रकाराचा क्रमच तसा होता. मॉडेल उभं करून आधी उघडं शरीर काढायचं, मग त्याच पवित्र्यातल्या वस्त्राचा वेगळा अभ्यास करायचा, मग चौकटी आखून किंवा ट्रेस करून ती आकृती मोठ्या रचनेत नेऊन बसवायची. मोंतोबाँ या त्याच्या जन्मगावच्या संग्रहालयात अशी हजारो रेखाटनं आहेत. युरोपातल्या अकादमींची ही शिस्त पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्येही आली, तिथेही विद्यार्थी प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून हात बसवत.

1827 साली लूव्रच्या एका दालनाच्या छतासाठी आंग्रने होमरला देवत्व देणारं भलंमोठं चित्र रंगवलं. मंदिरासमोर आंधळा महाकवी बसलेला, विजयदेवता त्याच्या डोक्यावर मुकुट धरतेय. पायाशी दोन स्त्रिया, म्हणजे त्याची दोन महाकाव्यं: लाल वस्त्रातल्या इलियडजवळ तलवार, हिरव्यातल्या ओडिसीजवळ वल्हं. भोवती कवी-कलावंतांचा दरबार. त्यात विग घातलेला मोलिएरसुद्धा. छतासाठीचं चित्र, पण मान वर करून बघणाऱ्याचा विचारच नाही! रचना सरळ भिंतीवरच्या चित्राची. 1855 साली ते खाली उतरवलं आणि छतावर त्याची नक्कल चढली.

आंग्र मात्र होमरला सोडायला तयार नव्हता. 1865चं ‘देवपदाला पोचलेला होमर’ हे त्याचं रेखाटन पेन्सिल आणि करड्या वॉशमधलं आहे. लाल-हिरव्याचा आधार गेला, माणसं वाढली, आणि एवढी गर्दी सावरायचं काम रेषेवर आलं. मूळ चित्रापेक्षा मला हे अधिक आवडतं. रंगांत तो थोडा कोरडा वाटतो, रेषेत कधीच नाही.

पाहुण्यांची निवड मात्र पटत नाही. रंगीत चित्रात डाव्या कडेला शेक्सपिअर निदान चेहऱ्यापुरता होता. 85च्या घरातल्या आंग्रने तोही काढून टाकला. अभिजात नियम न पाळणाऱ्याला तिथे बसायला जागा नाही, इतका त्याचा सोवळेपणा. राग येतो, आणि तरी उरलेल्यांच्या झग्यांची एकेक चुणी तपासत आपण तिथेच रेंगाळतो.