तसबिरीतली शकुंतला

आनंद नगरातील आपल्या अनेक घरांत लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर असते. हे रूप रूढ केले राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी. राजघराण्यांतील स्त्रियांची व्यक्तिचित्रे रंगवणाऱ्या या चित्रकाराने देवींना आणि पुराणांतील नायिकांनाही तसाच जिवंत चेहरा, दागिने व साडी दिली. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि ही चित्रे घरोघरी पोचली.

त्यांची शकुंतला पायातला काटा काढण्याच्या निमित्ताने मागे वळून दुष्यंताला शोधते. लाजरी, वाट पाहणारी स्त्री हा त्या काळच्या चित्रांतला आदर्श. महाभारतातील शकुंतला मात्र भर दरबारात राजाला खडे बोल सुनावते. चित्राचे कौतुक आम्हालाही आहे. पण वर्गात आम्ही ही दुसरी शकुंतलाही सांगतो.