पट्ट्यांची साक्ष आणि पंचनाम्याची नोंद

चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाबाहेर बसलेल्या माणसाला वाघ ओढून नेतो, अशी एक चित्रफीत नोव्हेंबर 2025 मध्ये समाजमाध्यमांवर पसरली आणि ती कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली असून अशी घटना झालेलीच नाही, असे वन विभागाला जाहीर करावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मृत्युमुखी पडल्या होत्या. त्यामुळे या जिल्ह्याने ती चित्रफीत खरी मानली, याचा दोष लोकांच्या भोळेपणाला देणे अन्यायाचे ठरेल.

ही चित्रफीत सीसीटीव्हीच्या चित्रणासारखी बनवलेली होती, कारण स्थिर, अंधुक दृश्यात बनावटीतील दोष सहज झाकले जातात. शिवाय व्हॉट्सॲपवरून पुढे जाताना तिचे संपीडन होते, म्हणजे फाइल लहान करण्यासाठी बारकावे गाळले जातात, आणि उरलेले दोषही पुसट होतात.

तरीही वाघाच्या अंगावरच एक साक्ष असते. प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची ठेवण वेगळी असते, इतकेच नव्हे तर एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही सारखे नसतात, आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याने, वाघ ओळखले जातात ते याच आधारावर. चित्रफीत घडवणाऱ्या प्रणालीपुढे असा कोणताही एक वाघ नसतो. असंख्य दृश्यांतून शिकलेल्या नमुन्यांवरून ती केवळ अंदाज बांधते, म्हणून चित्रफीत थांबवत थांबवत पाहिल्यास पट्टे मध्येच बदललेले किंवा सावली भलतीकडे पडलेली आढळू शकते. मात्र या प्रणाली झपाट्याने सुधारत असल्याने डोळ्यांवरचा हा भरवसा फार काळ पुरणारा नाही.

अधिक भक्कम पुरावा चित्राबाहेर असतो. वाघाच्या हल्ल्यात माणूस दगावला की पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, कुटुंबाला 25 लाख रुपयांचे शासकीय अर्थसाहाय्य देण्याची प्रक्रिया सुरू होते. म्हणजे गाव, वनपरिक्षेत्र आणि दिनांक यांची नोंद उरतेच, आणि ती आहे की नाही हे वनरक्षकाकडे किंवा वन विभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर विचारता येते. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत अशी बनावट चित्रफीत गडचिरोलीतील एखाद्या दुर्गम गावात पोहोचली, तर भीतीने जंगलात न गेलेल्या कुटुंबांची हंगामाची कमाई बुडते, आणि ती खोटी होती हे कळल्यावर वनरक्षकाने दिलेला पुढचा खरा इशाराही अफवा समजला जाण्याचा धोका निर्माण होतो.