सीएनजी नौकांत ठिणगीची वेळ महत्त्वाची. ताकद घटल्यास काय तपासावे?

वाराणसी : धूर व आवाज कमी व्हावा यासाठी गंगेतील अनेक डिझेल नौका सीएनजीवर आणण्यात आल्या. नमो घाटावर त्यांच्यासाठी तरंगते सीएनजी केंद्रही आहे. मात्र इंधन बदलले की इंजिनातील प्रज्वलनाचे गणितही बदलते.

डिझेल दाबामुळे तापलेल्या हवेत आपोआप पेटते. नैसर्गिक वायू आपोआप पेटण्यासाठी सुमारे ५४० अंश सेल्सिअस तापमान लागते. म्हणून स्पार्क प्लगची ठिणगी आवश्यक ठरते. वायू संथ जळत असल्याने पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ती पडावी लागते. उशीर झाल्यास ताकद घटते व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात. ती फार लवकर पडल्यास इंजिन सुरू होताना उलटा झटका देते, भार वाढताच ठोके ऐकू येतात.

वायू कमी मिळाला तरी ताकद घटते. त्यामुळे प्रथम प्लग, तारा आणि वायूचा दाब तपासावा. इंजेक्शन प्रणाली असल्यास संगणकात ठिणगीची वेळ एका अंशावर स्थिर करून टायमिंग लाइटने फ्लायव्हीलवरील खूण पाहावी. दोन्ही आकडे जुळत नसतील, तर क्रँक सेन्सरची जुळणी आधी दुरुस्त करावी. प्रवाहाविरुद्ध प्रवासी नेणाऱ्या नौकेची ही तपासणी किनाऱ्यावरच पूर्ण व्हायला हवी.