खुर्ची अंगाची आणि जमिनीचीही

रुग्णालयाच्या फरशीवर सहज सरकणारी व्हीलचेअर गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडकडच्या एखाद्या गावात अंगणातच अडते. खुर्ची बिघडलेली नसते. ती सपाट फरशीसाठी आणि मागून ढकलणारा माणूस सोबत आहे असं धरून बनवलेली असते. गावात पायाखाली मुरूम, पावसाळ्यात चिखल आणि घरांपलीकडे धानाच्या बांध्या. खुर्चीचा कोणता भाग काय काम करतो हे ठाऊक असलं, तर आपल्याला नेमकं काय हवं ते मागता येतं.

पुढच्या, गरकन वळणाऱ्या लहान चाकांना कॅस्टर म्हणतात. मागची चाकं साधारण २४ इंचांची असतात, कॅस्टर त्यांच्या तिसऱ्या हिश्शाएवढं किंवा त्याहून लहान. लहान, अरुंद चाकाखाली सगळं वजन थोड्याशा जागेत एकवटतं, म्हणून ते मऊ मातीत रुततं. दगडाला अडलं, तर खुर्ची थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. खडबडीत वाटेसाठी कॅस्टर मोठं आणि रुंद हवं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, लांब हवा. अशी खुर्ची पुढे कलंडत नाही, मात्र लहानशा खोलीत वळवताना त्रास देते. घरात जास्त वावर की बाहेर, हे म्हणून आधी ठरवावं लागतं.

मागच्या चाकांचा आस रुग्णालयातल्या खुर्चीत बहुधा पाठीच्या दांड्यांच्या रेषेत असतो. तो थोडा पुढे बसवला की बसणाऱ्याचा अधिक भार मोठ्या चाकांवर येतो, कॅस्टर हलकं होतं आणि स्वतःच्या हातांनी खुर्ची चालवणं सोपं जातं. फार पुढे नेला, तर चढावर खुर्ची मागे उलटते. त्यासाठी मागच्या बाजूला अँटी-टिपर नावाची छोटी चाकं लावतात.

चढाचं गणितही सोपं आहे. रॅम्पसाठी १:१२ हे प्रमाण रूढ आहे: १ फूट उंचीला १२ फूट लांबी. दीड फूट उंचीच्या ओसरीला १८ फूट रॅम्प लागतो. ६० किलोचा माणूस आणि १८ किलोची खुर्ची या चढावर नेताना साधारण साडेसहा किलो वजन उचलण्याइतका जोर सतत लावावा लागतो, चाकांचं घर्षण वेगळंच. लांबी निम्मी केली की जोर जवळजवळ दुप्पट होतो.

आता अंगाकडे वळू. बैठकीची रुंदी कमरेच्या रुंदीएवढी किंवा किंचित जास्त पुरते; सैल खुर्चीत माणूस एका कुशीवर कलतो. बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खाच यांत दोन-तीन बोटांची फट हवी. फूटरेस्ट फार वर असलं की मांड्यांचा भार सुटतो आणि सगळं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं. मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा झालेल्याला तिथे वेदना बहुधा जाणवत नाही. दबलेल्या कातडीला रक्त मिळत नाही आणि जखम होते. म्हणून उशी, म्हणजे कुशन, हा खुर्चीचा आवश्यक भाग आहे आणि दर थोड्या वेळाने अंग उचलून भार हलवणं हा औषधोपचारच.

संवेदना हरपण्याचा हा धोका चंद्रपूर जिल्ह्याने कुष्ठरोगात जवळून पाहिला आहे. पाय बधिर झाला की चालता चालता तोच भार त्याच जागी पडत राहतो आणि व्रण होतो. वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ही कारणमीमांसा मांडली. मायक्रोसेल्युलर, म्हणजे एमसीआर, रबराची मऊ चप्पल तो भार तळव्यावर पसरवते. वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरोगाने गाठलेली आणि अपंग माणसं कार्यशाळांमध्ये राबली, तिथे तीनचाकी सायकलीही बनल्या. हातांनी पॅडल फिरवायची ही सायकल लांबच्या रस्त्याला उत्तम, पण घराच्या दारातून आत जात नाही. आनंदवन उभारणारे बाबा आमटे यांना मणक्याच्या विकारामुळे बसणंच अशक्य होतं. १९८५च्या ‘भारत जोडो’ यात्रेत ते बसमध्ये आडवे होऊन फिरले. बसता न येणाऱ्याला उत्तम खुर्चीचाही उपयोग नाही.

काही वेळा तर खुर्ची लागतच नाही, नुसती काठी पुरते. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या आदिवासी समाजांमध्ये आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आजारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून खुबा झिजू शकतो. एका पायावर भार येताना अंग तोलून धरणारे स्नायू खुब्याला आवळतात आणि सांध्यावरचा भार शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट होतो. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरली, की त्या स्नायूंचं काम हलकं होतं. बरेच जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि हा फायदा गमावतात.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत बरा झालेला कुष्ठरुग्ण आणि सिकलसेल ही दोन्ही नावं आहेत. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र व्यक्तींना शिबिरांमध्ये साधनं मिळतात. शिबिरात नाव पुकारलं की खुर्ची लगेच घरी न्यावी असं वाटणं साहजिक आहे. तरी त्याआधी कमरेची रुंदी आणि मांडीची लांबी मोजून घ्यावी, कॅस्टर आणि कुशनबद्दल विचारावं, टायर पंक्चर झालं तर ते गावातल्या सायकलवाल्याकडे दुरुस्त होईल का हेही पाहावं. घरापासून रस्त्यापर्यंतची वाट कशी आहे, हे तंत्रज्ञाला आपणहून सांगावं. शिबिराच्या मंडपात बसून ती त्याला दिसत नाही.