रिपोर्टमधलं वजन म्हणजे अंदाज, तराजूचं माप नव्हे



आपल्या पानावर डिझेल, हवामानाचा इशारा, बंदीचे दिवस यावरच जास्त लिहिलं जातं. आज वेगळा विषय घेतोय. सोसायटीच्या ऑफिसात हल्ली बिलांबरोबर आणखी एक कागद वाचून घ्यायला लोक येतात, तो म्हणजे सोनोग्राफीचा रिपोर्ट. सून नाहीतर मुलगी सात-आठ महिन्यांची असते. रिपोर्टात बाळाचं वजन कमी दिसतं, किंवा मांडीचं हाड "दोन आठवडे मागे" दिसतं, आणि घरात कोणाला जेवण जात नाही. नवरा ट्रॉलरवर, परतायला चार-पाच दिवस. तोवर शेजारीपाजारी सांगतील ते खरं.

मी डॉक्टर नव्हे. पण या कागदावरचे आकडे येतात कुठून, ते समजलं तर निम्मी भीती जाते आणि उरलेली निम्मी योग्य जागी लागते.

सोनोग्राफीचं यंत्र आपल्याला तसं परकं नाही. होडीवरचा फिश फाइंडर करतो तेच ते करतं. ध्वनी पाठवायचा, तो आपटून परत किती वेळात आला ते मोजायचं, आणि त्यावरून चित्र काढायचं. ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली बॉयलरच्या कारखान्यात धातूतले तडे शोधायचं असं यंत्र वापरून बघितलं आणि पुढे ते पोटाच्या तपासणीसाठी आणलं. १९५८ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तिथून हे सगळं सुरू झालं.

आता फिश फाइंडरवर बांगड्याचा थवा दिसला की तांडेल काय म्हणतो? "असतील पन्नास क्रेट." जाळं वर आलं की कधी चाळीस निघतात, कधी साठ. तांडेल खोटं बोलला असं कोणी म्हणत नाही, कारण तो अंदाज होता. पोटातल्या बाळाचं वजनही तसंच. यंत्र बाळाला तराजूत घालत नाही. ते चार मापं घेतं: डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी. ही मापं सूत्रात घालून वजन काढतं. बऱ्याच यंत्रांत अमेरिकेच्या ह्यूस्टन शहरातले डॉ. हॅडलॉक यांनी १९८० च्या दशकात बसवलेली सूत्रं असतात.

या अंदाजात १० ते १५ टक्क्यांचा फरक पडू शकतो. म्हणजे रिपोर्टात २००० ग्रॅम लिहिलं असेल तर बाळ खरं १७०० ग्रॅमचंही असू शकतं आणि २३०० चंही. बाळाची पोझिशन, गर्भजल, आईच्या पोटावरची चरबी, तपासणाऱ्याचा हात, सगळ्यावर ते अवलंबून. म्हणून आज एका ठिकाणी आणि परवा दुसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी केली, तर आकडे जुळणार नाहीतच. एका घराने एका आठवड्यात तीन ठिकाणी सोनोग्राफी केली, तीन आकडे आले, आणि काळजी तिप्पट झाली. वाढ बघायची तर दोन मापांत निदान दोन आठवडे जावे लागतात. त्याच्या आत झालेला फरक बाळाचा की मापाचा, ते कळत नाही.

दुसरा घाबरवणारा शब्द पर्सेंटाइल. "दहावा पर्सेंटाइल" म्हणजे शंभरात दहा मार्क नव्हेत. त्याच आठवड्याची शंभर बाळं लहान ते मोठी अशी ओळीत उभी केली, तर हे बाळ दहाव्या जागेच्या आसपास, एवढाच त्याचा अर्थ. दहाव्याच्या खाली असलेल्या बाळाला डॉक्टर "लहान" म्हणतात. पण ओळ केली की खाली कोणीतरी असणारच. आई-बाप दोघंही बुटके, बारीक अंगाचे असतील तर बाळ लहान असून ठणठणीत असतं. शिवाय ओळ कुठल्या बाळांची, हेही बघावं लागतं. हॅडलॉकचा वजनाचा तक्ता ह्यूस्टनमधल्या बहुतेक गोऱ्या, मध्यमवर्गीय बायकांवरून केलेला. पुढे आठ देशांतल्या निरोगी मातांवर मोठा अभ्यास झाला, त्यात आपलं नागपूरही होतं. ते तक्ते २०१४ साली प्रसिद्ध झाले. तक्ता बदलला की त्याच बाळाचा पर्सेंटाइलही बदलू शकतो.

तिसरी गोष्ट तारखेची. प्रत्येक रिपोर्टात बाळंतपणाची तारीख वेगळी दिसते, आणि लोक म्हणतात, "तारीख पुढे गेली, म्हणजे बाळ वाढलं नाही." तसं नसतं. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तारखेसाठी सगळ्यांत भरवशाची, तिच्यात पाच-सात दिवसांचाच फरक असतो. शेवटच्या तीन महिन्यांत तोच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. डॉक्टरांनी सुरुवातीला पक्की केलेली तारीख, तीच धरायची. म्हणून पहिली सोनोग्राफी चुकवू नका आणि तो कागद जपून ठेवा. त्याच्याशिवाय पुढच्या कुठल्याही आकड्याला आधार नाही.

मग काळजी करायचीच नाही का? करायची, आणि हे नीट वाचा. काही बाळांची वाढ खरोखरच अडते. वारेतून रक्त कमी पोचतं, आईचं ब्लड प्रेशर वाढलेलं असतं, अंगात रक्त कमी असतं, तंबाखू नाहीतर मशेरी चालू असते. अशा वेळी बाळ आधी डोकं वाचवतं आणि पोट बारीक पडतं, म्हणून डॉक्टर पोटाच्या घेराकडे जास्त लक्ष देतात. वजन तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली गेलं, किंवा आधी बरं वाढणारं बाळ एकदम मागे पडलं, तर डॉपलर करतात. त्यात नाळेतलं रक्त नीट वाहतं की नाही ते दिसतं. हे वेळेत कळलं नाही तर बाळ पोटातच दगावू शकतं. म्हणून "डॉक्टर उगाच घाबरवतात" म्हणत पुढची तारीख चुकवणं हे तीन ठिकाणी धावण्यापेक्षा जास्त धोक्याचं.

बाळाचं वजन पटकन वाढवणारी गोळी नाही. महागडी पावडर घेतली किंवा नुसतं झोपून राहिलं म्हणून बाळ वाढतं, असंही सिद्ध झालेलं नाही. डॉक्टर ब्लड प्रेशर आणि रक्त ताब्यात ठेवतात, वाढीवर नजर ठेवतात आणि गरज पडली तर योग्य वेळी बाळंतपण करतात. घरच्यांचं काम म्हणजे लोहाच्या गोळ्या चुकू न देणं, मशेरी आणि तंबाखू बंद, पोटभर जेवण.

रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना एवढं विचारा:

१. मागच्या मापापासून बाळ वाढलंय का, आणि किती?
२. पोटाचा घेर डोक्याच्या मानाने ठीक आहे का?
३. गर्भजल आणि डॉपलर कसं आहे?
४. पुढची तपासणी कधी, आणि त्याआधी काय दिसलं तर लगेच यायचं?

चौथ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच सांगतो. सातव्या महिन्यापासून बाळाच्या हालचालीची आईला सवय झालेली असते. हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठायचं. पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी तसंच. नवऱ्याची बोट धक्क्याला लागायची वाट बघायची नाही. गेल्या आठवड्याचा चांगला रिपोर्ट आजच्या कमी हालचालीला उत्तर नव्हे.

सोनोग्राफीच्या पैशासाठी कर्ज काढायच्या आधी जवळच्या आरोग्य केंद्रात जा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. तिथून म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात, नाहीतर बांबोळीला गोमेकॉत पाठवलं तर टाळाटाळ करू नका. आणि मुलगा की मुलगी, हे विचारूच नका. १९९४ च्या कायद्याने ते विचारणं आणि सांगणं, दोन्ही गुन्हा आहे.

दर्यावर जाणाऱ्या भावांना एक विनंती. घरात कोणी गरोदर असेल तर निघण्याआधी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फायलीत लावा. रात्री-अपरात्री गाडी कोण काढणार ते ठरवून ठेवा, १०८ नंबर भिंतीवर लिहा, थोडे पैसे घरात ठेवा. बोटीवर निरोप द्यायचा झाला तर ऑफिसात सांगा, वायरलेसवर कळवायची व्यवस्था करू. जाळ्यांची आणि इंजिनाची तपासणी आपण न चुकता करतो, तेवढीच पाच मिनिटं या फायलीला द्या.

आपला,
सचिव