सर्जन होणारी पोरं आतून का खचतात? घरच्यांनी काय ओळखावं

गावातलं पोरगं एमएस सर्जरीला लागलं की चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो. पुढची तीन वर्षं ते काय सोसतं, हे घरच्यांनाही नीट कळत नाही. फोन केला की 'ओटीत आहे, नंतर बोलतो' एवढंच.

आपला पेशंट तालुक्यावरून मेडिकल कॉलेजला रेफर झाला की रात्री दोन वाजता त्याला बघणारा बहुतेक हाच निवासी डॉक्टर असतो. पहिल्या वर्षी रक्ताचे नमुने, ड्रेसिंग, फायली, राऊंडची तयारी सगळं त्याच्याच गळ्यात. इमर्जन्सीच्या दिवशी ड्युटी सलग २४ ते ३६ तासांवर जाते. आपण शेतात एक रात्र पाणी भरलं तर दुसऱ्या दिवशी डोकं चालत नाही. इथं तर हातात माणसाचा जीव. त्यात सीनियरची बोलणी, पेशंट दगावला तर मनाला लागलेला घोर, नातेवाइकांची दमदाटी.

नियम नाहीत असं नाही. १९९२ च्या केंद्राच्या निर्देशात साधारण दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास सुचवले. म्हणजे प्रत्यक्षात किती होत असतील, हिशोब करा. त्यांच्याच ऑनलाइन पाहणीत सगळ्या शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्के जणांनी वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं.

मग उपचार का घेत नाहीत? मानसोपचार विभाग त्याच दवाखान्यात असतो, पण तिथं केसपेपर काढला तर उद्या सगळ्या कॉलेजला कळेल, 'कच्चा आहे' म्हणतील, ही भीती. सीट सोडावी तर अनेक ठिकाणी मोठा दंड. आणि गावात तोंड काय दाखवायचं? हा शेवटचा भार आपणच टाकलेला असतो.

पोरगं फोन टाळतंय, सुट्टी असूनही झोपत नाही, जेवण तुटलंय, 'मला जमणार नाही', 'माझ्यावाचून तुमचं काय अडतंय' असं बोलतंय, तर 'थोडं सहन कर' म्हणू नका. जाऊन भेटा. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते वाढत नाहीत. 'हो' म्हणालं तर एकटं सोडू नका, लगेच मानसोपचार डॉक्टरकडे न्या. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत, २४ तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनी लावला तरी चालतो.